अम्मीचा हापसा

आमच्या घरात 'मैं' हा शब्द फारसा ऐकू येत नाही. आजोबांपासून सगळे 'हम' म्हणत आले. त्यामुळे मराठीत लिहायला बसलो तरी 'आम्ही'च उतरतं. शिवाय ही हकीकत एकट्याची नाहीच. आम्हा तिघा भावंडांची आहे, मोहल्ल्याची आहे आणि आमच्या उर्दू शाळेतल्या नववीच्या पोरापोरींचीही आहे.

अम्मीचा इंतकाल 2012 च्या अखेरीस झाला. तिची निम्मी हयात पाणी भरण्यात गेली होती. मराठवाड्यातलं आमचं गाव. उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी नसे. पहाटे फजरच्या अजानीआधी कमरेवर घागर घेऊन ती बाहेर पडायची आणि आम्ही झोपेतून उठेपर्यंत दोन रांजण भरलेले असायचे. चाळीसवा झाला त्या रात्री भाईजान, आपा आणि आम्ही अंगणात बसलो होतो. तिच्या नावानं काय करावं, असा विषय निघाला. आपा म्हणाली, "अम्मी के नाम से पानी का काम करो. उसकी जान पानी में ही गई."

सदका-ए-जारिया म्हणजे काय हे वाचकांना सांगायला नको. माणूस जातो, पण त्याच्या नावानं लावलेलं झाड, खोदलेली विहीर लोकांच्या उपयोगी पडत राहते तोवर त्याच्या खात्यात सवाब जमा होत राहतो. भाईजाननं गॅरेजच्या गल्ल्यातून पैसे काढले, आपानं हातातली एक बांगडी मोडली. आमची तेव्हा शिक्षणसेवकाची नोकरी, मानधन तुटपुंजं. तरी पतपेढीतून उचल घेतली. 2013 चा तो उन्हाळा मराठवाडा विसरणार नाही. धरणं कोरडी, टँकरच्या मागे लोक धावताहेत, आणि अशा दिवसांत मशिदीच्या कोपऱ्यावर बोअरच्या गाडीनं एकशे चाळीस फुटांवर पाणी वर फेकलं. काळ्या दगडाची भुकटी उडत होती, ती एकदम ओली झाली. बायका दारात उभ्या राहून रडल्या.

हापसा बसला. ओट्याचं सिमेंट समोरच्या चाचांनी दिलं. चाचा अब्बांचे लहानपणापासूनचे दोस्त. मागच्या गल्लीत त्यांचं निकेल-क्रोम चढवण्याचं छोटं वर्कशॉप होतं. शहरातल्या कारखान्यांचं जॉबवर्क यायचं. हापशाजवळच्या भिंतीत संगमरवराची पाटी लावली तेव्हा तिचे चार स्क्रू चाचांनी स्वतः क्रोम चढवून आणून दिले. ते स्क्रू आजही चकाकतात.

सहा वर्षं मोहल्ला त्या हापशावर जगला. शाळेची मुलं मधल्या सुट्टीत तिथे तोंड लावायची. लग्नाच्या डेगांसाठी तिथूनच पाणी जायचं. लोक त्याला 'अम्मीवाला नल' म्हणू लागले. अब्बा तर घरातल्या नळाचं पाणी पीतच नसत. रोज अस्रची नमाज झाली की स्वतः हापसून एक कळशी आणायचे. "तुम्हारी माँ का पानी है," म्हणायचे, आणि मग बोलणंच खुंटायचं.

2019 साली शाळेत पाणी तपासण्याचा एक संच आला. विज्ञान आमच्याकडेच होतं. नववीचा वर्ग घेऊन आम्ही मोहल्ल्यातले सगळे हापसे, विहिरी पालथ्या घातल्या. संचात रंग बदलणारे कागद, थेंब टाकायच्या बाटल्या. आम्लता, कठीणपणा, क्लोराईड, नायट्रेट, फ्लोराईड, लोह यांची तपासणी होत होती. जंतूंसाठी वेगळी बाटली. पाणी भरून ठेवायचं, काळी पडली तर समजायचं की पाणी दूषित आहे. पोरं खूश. मस्जिदीच्या हौदाची बाटली काळी पडली, अम्मीच्या हापशाची नाही. फळ्यावर तक्ता झाला. एका पोरानं मोठ्या अक्षरात लिहिलं, 'अम्मीवाला नल : पास.' आम्हाला भरून आलं, खोटं कशाला बोला.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. तिचे वडील चाचांच्या वर्कशॉपमध्ये कामाला होते. तिनं विचारलं, "सर, इसमें क्रोमियम का कागज किधर है?"

आम्ही संच पुन्हा उलटून पाहिला. क्रोमियमचा कागद नव्हता. शिशाचा नव्हता, कॅडमियमचा नव्हता, सोमलाचा, म्हणजे ज्याला आम्ही उर्दूत संखिया शिकवतो त्याचाही नव्हता. "नहीं है," म्हणालो. ती म्हणाली, "तो फिर पास कैसा हुआ?"

दहा-बारा वर्षं पेपर तपासण्यात गेलेल्या माणसाला हा प्रश्न झोपू देणार नाही. जो धडा पेपरात आलाच नाही, त्यात मूल पास झालं असं आपण कसं म्हणतो? मुलीला 'क्रोमियम' हा शब्द पुस्तकातून ठाऊक नव्हता. वर्कशॉपच्या पिंपावर लिहिलेला होता. पिंपात गडद लाल खपल्या असतात, क्रोमिक अॅसिडच्या. त्या पाण्यात विरघळवून हौद तयार करतात, त्यात लोखंडी भाग टांगून वीज सोडतात. चकाकी येते. मग तो भाग साध्या पाण्यात दोन-तीनदा खळबळून काढतात. ते खळबळलेलं पिवळं पाणी कुठे जातं, हे तिनं पाहिलं होतं. आणि वडिलांच्या नाकाच्या पडद्याला भोक पडलेलं आहे, हेही. या धंद्यातल्या कामगारांचा हा जुना आजार आहे. क्रोमिक अॅसिडच्या वाफेनं नाकाचा पडदा झिजतो.

शहरातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक ओळखीचे होते. आम्ही कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत अम्मीच्या हापशाचं पाणी भरून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी बाटलीकडे बघून हात जोडले. "सर, हे पाणी आता पाणी राहिलं नाही. यात तुमची बाटली, झाकण आणि कालचं सरबत, सगळं आलं." मग त्यांनी नीट शिकवलं. धातूंसाठी बाटली प्लॅस्टिकची चालते, पण आधी आम्लानं धुतलेली हवी. हापसा निदान दहा मिनिटं हापसायचा, म्हणजे पाइपात साचलेलं पाणी निघून जाऊन जमिनीतलं ताजं पाणी येतं; नाही तर गंजलेल्या पाइपाचंच लोह मोजलं जातं. एका बाटलीत थोडं नायट्रिक अॅसिड घालायचं, म्हणजे धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून बसत नाहीत. क्रोमियमच्या जातीची परीक्षा करायची तर दुसरी बाटली तशीच, आम्ल न घालता, बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत आणायची.

क्रोमियमच्या जातीची भानगड आम्हालाही तेव्हा नीट कळली. एकाच घरातले दोन भाऊ समजा. तीन संयुजेचा क्रोमियम सुस्त; पाण्यात फारसा विरघळत नाही, मातीला धरून बसतो आणि त्याचा उपद्रवही पुष्कळ कमी. सहा संयुजेचा मात्र चपळ; पाण्यात विरघळतो आणि पाणी जाईल तिकडे जातो. प्राध्यापकांनी दुसऱ्या बाटलीतल्या पाण्यात आम्ल आणि डायफिनाइल कार्बाझाइड घातलं. आरशासारखं स्वच्छ पाणी बघता बघता गुलाबी-जांभळं झालं. आमच्या छातीत धस्स झालं. चार दिवसांनी मोठ्या यंत्रावरचा अहवाल आला : एकूण क्रोमियम लिटरला 0.19 मिलिग्रॅम. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात 0.05 पेक्षा जास्त असू नये.

0.05 मिलिग्रॅम म्हणजे किती? वर्गात आम्ही असं सांगतो : दहा हजार लिटरचे दोन टँकर घ्या आणि दोन्हींत मिळून एक ग्रॅम टाका. सोमल आणि शिसं यांची मर्यादा त्याहून कडक, लिटरला 0.01. म्हणजे तसल्या दहा टँकरांत एक ग्रॅम. एवढ्याशानं काय होतं, असं वाटणं साहजिक आहे. पण माणूस एक पेला पिऊन थांबत नाही. तो रोज पितो, तेच पाणी पितो आणि वर्षानुवर्षं पितो. शिसं लहान मुलाच्या मेंदूच्या वाढीत मोडता घालतं, कॅडमियम मूत्रपिंडात साचतं. सहा संयुजेचा क्रोमियम श्वासावाटे गेला तर फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे कारखान्यातल्या कामगारांवरून सिद्ध झालेलं आहे. तो पाण्यातून दिल्यावर उंदरांच्या तोंडात आणि लहान आतड्यात गाठी झाल्याचा अमेरिकेतल्या सरकारी प्रयोगाचा अहवाल 2008 मध्ये प्रसिद्ध झाला.

आम्ही प्राध्यापकांना भीत भीत विचारलं, "अब्बांना दोन वर्षं पोटाचा त्रास आहे. यानंच का?" ते म्हणाले, "एका माणसाच्या आजाराचं बोट एका हापशाकडे दाखवता येत नाही. ही धोक्याची पाटी आहे, खुनाचा पुरावा नाही. पण पाटी वाचून पुढे जायचं की थांबायचं, हे तुमच्या हातात आहे."

त्यांनीच मग बंगालची गोष्ट सांगितली. नंतर आम्ही ती शोधून शोधून वाचली. बांगलादेशात तळ्याचं, नदीचं पाणी पिऊन मुलं हगवणीनं मरायची. 1970 च्या दशकापासून सरकारनं आणि युनिसेफनं गावोगाव हातपंप बसवले. मग लोकांनी आपल्या पैशानं लाखोंनी बसवले. काम नेकीचंच होतं. पण त्या गाळाच्या जमिनीत निसर्गतःच सोमल होता आणि तो पाण्यात उतरत होता. 1983 मध्ये कोलकात्यात त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांच्याकडे पश्चिम बंगालचे खेडूत येऊ लागले. छातीवर काळे-पांढरे ठिपके, तळहात-तळपाय घट्ट्यांनी भरलेले. ठिपके दिसायला वर्षं लागतात, म्हणून कुणाला पाण्याचा संशयही आला नव्हता. बांगलादेशात 1993 मध्ये चांपाई नवाबगंजच्या पाण्यात सोमल सापडला. त्याच्या आदल्याच वर्षी ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेनं त्या देशातल्या विहिरींचं पाणी तपासून अहवाल दिला होता. कितीतरी मूलद्रव्यं तपासली होती. सोमल मात्र तपासला नव्हता. प्रकरण लंडनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि 2006 मध्ये निकाल संस्थेच्या बाजूनं लागला. कायद्यानं काय ठरायचं ते ठरलं. पण आम्हाला मात्र आमच्या वर्गातला तक्ता आठवत राहिला. तिथेही पेपरात प्रश्न नव्हता आणि पाणी पास झालं होतं.

पुढे बांगलादेशात सुमारे 50 लाख हातपंप तपासले गेले. चांगल्याला हिरवा रंग, वाईटाला लाल. 14 लाखांच्या आसपास पंप लाल झाले. लाल पंपाचं पाणी धुण्याला वापरायचं, प्यायचं आणि रांधायचं नाही. अंगावर ठिपके उठलेल्या मुलींची लग्नं अडली. आडाईहाजार भागात दहा वर्षांच्या 201 मुलांची बौद्धिक चाचणी घेतली गेली. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, ज्यांच्या विहिरीत सोमल जास्त त्यांचे गुण कमी आढळले. शिक्षक म्हणून हे वाचताना हात थरथरतो. आपण ज्याला 'ढ' म्हणून मागच्या बाकावर बसवतो, त्याच्या पेल्यात काय आहे हे आपण कधी पाहिलं? त्याच मातीतून, कुश्तियाहून, अबुल हुसाम नावाचे रसायनशास्त्रज्ञ पुढे आले. लोखंडाच्या कणांचा, वाळूचा साधा गाळणा त्यांनी आणि त्यांच्या डॉक्टर भावानं बनवला. 2007 मध्ये त्यासाठी अमेरिकेत दहा लाख डॉलरचं पारितोषिक मिळालं. विष ओळखणारे आणि त्यावर तोड काढणारेही त्यांच्यातूनच उभे राहिले, याचा आम्हाला धीर आला.

बंगालचं विष जमिनीनं दिलं होतं, आमचं मात्र आमच्याच गल्लीनं. आम्ही चाचांकडे गेलो. ते आधी चिडले, मग गप्प झाले. वर्कशॉपच्या मागे एक फसलेली, कोरडी बोअर होती. तीत ते पाणी सोडत होते, पंधरा वर्षं. "रस्ते पे छोडता तो बच्चों के पाँव को लगता, मास्टर. इसलिए नीचे छोडा. नीचे कौन है, बोला." खाली काळा कातळ आहे, पण तो अखंड नाही. त्याला भेगा आहेत. त्या भेगांतूनच आपल्या बोअरला पाणी लागतं आणि त्याच भेगांतून चाचांचं पिवळं पाणी अम्मीच्या हापशापर्यंत आलं होतं. चाचांवर रागवावं तरी कसं? त्यांनी पोरांच्या पायांचा विचार केला होता. आम्ही मोहल्ल्याच्या तहानेचा केला होता. दोघांची नीयत साफ होती. पण नीयत साफ आहे एवढ्यावर पाणी साफ होत नाही, ते तपासावं लागतं.

घरात वेगळीच कुरबुर सुरू झाली. भाईजान म्हणाला, "अम्मी के नाम का नल बंद करते? लोगां क्या बोलेंगे?" शेजारच्या खाला म्हणाल्या, "छह साल से पी रहे, मरे क्या?" कुणी म्हणे उकळून घ्या, कुणी म्हणे तुरटी फिरवा. उकळल्यानं धातू जात नाही; पाणी आटतं आणि तो उलट दाट होतो. तुरटी, कापड यांनी तर काहीच होत नाही. आरओ यंत्रानं बराचसा जातो, पण दर घरी ते यंत्र कुठून आणायचं?

शेवटी आम्ही इमाम साहेबांकडे गेलो. मनात एक गाठ होती. लहानपणी मदरशात शिकलो होतो की पाण्याचा रंग, बू, मज़ा बदलला नाही तर पाणी पाक. या पाण्याचं यातलं काहीच बदललेलं नव्हतं. इमाम साहेबांनी अहवाल चष्म्याजवळ धरून वाचला आणि म्हणाले, "पाक होना एक बात है, पीने के काबिल होना दूसरी. तीन निशानियाँ आँख, नाक और ज़बान के लिए हैं. जो इनसे न पकडा जाए, उसमें जाननेवाले की बात मानो. नुकसान रोकना भी सवाब है." पुढच्या जुम्याला नमाजेनंतर त्यांनी स्वतः उभं राहून सांगितलं की त्या हापशाचं पाणी पिऊ नका. आम्ही दहा वेळा घरोघर सांगून जे झालं नसतं ते त्या दोन वाक्यांनी झालं.

राहिले अब्बा. त्यांना कोण सांगणार? तिघांपैकी कुणाची हिंमत होईना. एका संध्याकाळी कळशी घेऊन निघाले तेव्हा आम्ही दारात आडवे झालो आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, कळशी खाली ठेवली. बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "उसको मालूम होता तो वो क्या करती?" आम्ही काय उत्तर देणार? त्यांनीच दिलं. "बच्चों को पीने नहीं देती."

अब्बांनी सगळी उमर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटीतून ब्रश काढले, लाल ऑइलपेंट आणला आणि अम्मीचा हापसा वरपासून खालपर्यंत रंगवला. बंगालची गोष्ट आम्ही त्यांना सांगितली होती. संगमरवराच्या पाटीखाली त्यांनी आपल्या सुबक हातानं आधी उर्दूत आणि खाली मराठीत लिहिलं : 'हे पाणी पिण्यासाठी नाही.' मूळ पाटीला त्यांनी धक्का लावला नाही. बायकांना पिण्याच्या पाण्यासाठी पुन्हा दोन गल्ल्या लांब जावं लागलं. काहींनी आम्हाला बोल लावले, ते आम्ही ऐकून घेतले. शाळेची मुलं तरी तोंड लावायची, म्हणून शाळेच्या वेळात दांडा काढून ठेवू लागलो.

चाचांनी कोरड्या बोअरचं तोंड काँक्रीटनं बुजवलं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये वर्कशॉपच बंद पडलं, ते पुन्हा उघडलं नाही. त्या मुलीचे वडील आता हातगाडीवर फळं विकतात. हेही या हकीकतीत लिहायला हवं. विष थांबलं तेव्हा चार घरांची चूलही काही महिने थांबली होती.

काम बंद झालं म्हणजे पाणी सुधारलं, असं मात्र नव्हे. खडकाच्या भेगांत साठलेलं सहजी निघत नाही. आम्हा तिघांनी ठरवलं की अम्मीच्या बरसीला दरवर्षी तिच्या नावानं पाण्याची तपासणी करायची. नववीची मुलं दहा मिनिटं हापसतात, बाटल्या भरतात, चिठ्ठ्या लावतात. 2021 मध्ये 0.16 आलं, 2023 मध्ये 0.11, 2024 मध्ये 0.08. आमच्या हापशाबरोबर आता आणखी पाच हापशांचं पाणी जातं. ज्या मुलीनं पहिला प्रश्न विचारला, ती बी.एस्सी. करते आहे, रसायनशास्त्र घेऊन.

अहवाल आला की अब्बा खाटेवरून विचारतात, "कितना आया?" जसं आमच्या लहानपणी निकालाच्या दिवशी विचारायचे. सलग दोन वर्षं 0.05 च्या खाली आलं तर हापसा हिरवा करायचा, असं आम्ही ठरवलं आहे. हिरव्या रंगाचा डबा अब्बांनी केव्हाच आणून ठेवला आहे. महिन्या दोन महिन्यांनी ते तो उघडतात आणि रंग घट्ट होऊ नये म्हणून काडीनं ढवळून पुन्हा झाकण लावतात.